डब्लिनची ॲग्नेस ब्राउन नीट कशी वाचायची

'द मॅमी' ही ब्रेंडन ओकॅरलची कादंबरी १९९४ साली आली. डब्लिनच्या मूर स्ट्रीटवर फळं-भाजी विकणारी ॲग्नेस ब्राउन, नवरा नुकताच गेलाय, पदरात सात पोरं, काळ १९६७चा, आणि पुस्तक चक्क विनोदी. जेमतेम दीड-दोनशे पानं असतील. एका रविवारी वाचून होतं आणि तिथेच घोटाळा होतो, कारण एका बैठकीत संपवणारे बरेच जण नंतर म्हणतात की हो, मजा आली, पण त्यात काय एवढं, जोकच तर आहेत. मला हे पुस्तक फार आवडतं आणि असं कोणी म्हटलं की जीव तुटतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं एकच आहे. या पुस्तकातले चांगले विनोद बघा, त्यातले बरेचसे कुठल्यातरी खिडकीपाशी नाहीतर दारापाशी घडतात. सरकारी ऑफिसची खिडकी, शाळेचं दार, चर्च, दवाखाना. आत बसलेल्याकडे नियम असतो आणि बाहेर उभ्या असलेल्या ॲग्नेसकडे फक्त तोंड असतं. आयरिश वाचकाला तो नियम आपोआप माहीत असतो, त्याच्या आईनं नाहीतर आजीनं तो भोगलेला असतो. आपल्याला तो माहीत नसतो त्यामुळे आपण नुसत्या तोंडाला हसतो. म्हणून वाचायच्या आधी थोडी तयारी करायची, फार नाही, अर्ध्या तासाची, आणि ती कशी करायची ते खाली सांगते.

सगळ्यात आधी एक पथ्य. सुरुवात टीव्हीवरच्या सिरियलपासून करू नका. 'मिसेस ब्राउन्स बॉइज' २०११ पासून चालू आहे, त्यात ओकॅरल स्वतः साडी नाही पण फ्रॉक-कार्डिगन घालून ॲग्नेस होतो, त्याची खरी बायको जेनिफर गिबनी ॲग्नेसच्या मुलीचं काम करते, धमाल असते, लोक वेड्यासारखे हसतात, ते सगळं ठीक. पण ती ॲग्नेस म्हातारी आहे, पोरं मोठी झालीत, आणि सगळं रंगमंचासारखं मोठ्या आवाजात आहे. तो आवाज एकदा डोक्यात बसला की पुस्तकातली तरुण, थकलेली, रात्री पैसे मोजणारी ॲग्नेस तुम्हाला ऐकूच येत नाही. आधी पुस्तक, मग सिरियल, आणि सिरियल नाही बघितली तरी काही बिघडत नाही.

लेखकाबद्दल थोडंच माहीत असलं तरी पुरे. ओकॅरल १९५५ला डब्लिनमध्ये जन्मला, अकरा भावंडांत शेंडेफळ. वडील तो लहान असतानाच गेले, आईनं वाढवलं, बाराव्या वर्षी शाळा सुटली, पुढे वेटर म्हणून काम केलं. ॲग्नेस आधी कागदावर आलीच नाही, ती १९९२ला रेडिओवर आली, आरटीईच्या (आयर्लंडची सरकारी प्रसारणसंस्था) टू-एफएमवर छोट्या छोट्या भागांत, आणि ठरलेली अभिनेत्री आली नाही म्हणून त्यानं स्वतःच तिचा आवाज काढला असं तो सांगतो. पुस्तक वाचताना हे विसरू नका, ही बाई कानासाठी जन्मलेली आहे.

पण ॲग्नेस म्हणजे त्याची आई असं समजू नका हं. त्याची आई मॉरीन ओकॅरल शिकलेली, शिक्षिका, आणि १९५४ला लेबर पक्षातर्फे आयरिश संसदेत निवडून आलेली, त्या पक्षाची पहिली महिला खासदार. (याच संसदेनं २०१७ मध्ये लिओ वराडकरांना पंतप्रधान केलं, ज्यांचे वडील मूळचे आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. ॲग्नेसच्या १९६७पासून बरोबर पन्नास वर्षं. किती बदलला तो देश या काळात, हे पुस्तक वाचताना वारंवार जाणवतं.) म्हणजे ज्या बाईला कायदे माहीत होते, जी कायदे बनवायला बसली होती, तिच्या पोरानं अशा बाईवर लिहिलंय जिला कायद्याची फक्त खिडकी दिसते. मला वाटतं म्हणूनच त्या खिडक्या इतक्या नेमक्या उतरल्यात.

आता पहिला सीन. हा दोनदा वाचायचा, एकदा नुसता आणि एकदा मी सांगते ते डोक्यात ठेवून.

मार्च १९६७. ॲग्नेस आणि तिची जिवाभावाची मैत्रीण मॅरियन सरकारी ऑफिसात बसल्यात. ॲग्नेसला विधवा पेन्शनचा फॉर्म हवाय. खिडकीतली मुलगी विचारते, ॲग्नेस उत्तरं देते, आणि हळूहळू उलगडतं की नवरा रेड्सर आज सकाळीच गेलाय, मृत्यूचा दाखला वगैरे काही नाहीये, तो अजून पुरलेलासुद्धा नाही. कसा गेला या प्रश्नावर तर कहर होतो, तो हिलमन हंटर नावाच्या गाडीखाली आलाय आणि नुसतं 'हंटर' ऐकून त्या मुलीला वाटतं कोणी शिकाऱ्यानं गोळी घातली. पहिल्यांदा वाचताना माणूस खो खो हसतो आणि मनात म्हणतो, काय बाई आहे, नवऱ्याचा देह घरी आणि ही पेन्शनच्या लायनीत.

आता दुसऱ्यांदा वाचा. आयर्लंडमध्ये विधवांच्या आणि अनाथांच्या पेन्शनचा कायदा १९३५चा. त्यात दोन प्रकार, एक नवऱ्याच्या विम्याच्या हप्त्यांवर मिळणारी आणि दुसरी, हप्ते पुरेसे भरलेले नसतील तर, तुमची मिळकत तपासून मिळणारी. म्हणजे नवरा कुठे कामाला होता, किती हप्ते भरले, घरात काय येतं, हे सगळं त्या खिडकीवर सांगायचं. त्यातून पोरांसाठी सरकारी भत्ता होता, १९४४ला सुरू झालेला, आधी तिसऱ्या मुलापासून पुढे आणि १९६३पासून पहिल्यापासून, पण तो कायद्यानं बापाच्या नावावर असायचा. आईच्या नावावर तो आला १९७४ साली. म्हणजे ॲग्नेस त्या दिवशी सकाळी धावत ऑफिसात गेली याचं कारण तिचं काळीज दगडाचं आहे हे नाही. सात तोंडं आहेत, उद्याची चूल आहे, आणि आतापर्यंत सरकारचा कागद कुठला असेल तर तो नवऱ्याच्या नावाचा असायचा. ती पहिल्यांदा स्वतःच्या नावानं खिडकीवर उभी आहे. आता तोच हंटरचा विनोद परत वाचा, हसू येतंच, पण घशात काहीतरी अडकतं.

आणि खिडकीच्या आतल्या मुलीकडे पण बघा, तिच्याकडे कोणी बघतच नाही. १९७३पर्यंत आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या बाईनं लग्न केलं की नोकरी सोडावी लागायची, नियमच होता तसा. म्हणजे ती मुलगी बिनलग्नाचीच असणार हे नक्की. लग्न केलं की ती खुर्ची गेली. काचेच्या आत एक बाई जिला लग्न करायची सोय नाही आणि बाहेर एक बाई जिचं लग्न आज सकाळी संपलं, आणि दोघी एकमेकींना समजावायचा प्रयत्न करताहेत. लेखक यावर एक अक्षर बोलत नाही, त्याला गरजही नाही, त्याच्या वाचकाला ते माहीत होतं. आपल्याला माहीत करून घ्यावं लागतं एवढंच.

पैशाचं कोष्टक आधी करून ठेवा. एका कागदावर लिहा आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवा. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. हाफ क्राउन म्हणजे अडीच शिलिंग. बोलताना शिलिंगला बॉब म्हणतात, टेन बॉब म्हणजे दहा शिलिंगची नोट, अर्धा पौंड. आयर्लंडमध्ये दशमान पैसे आले १५ फेब्रुवारी १९७१ला, म्हणजे गोष्ट घडते तेव्हा जुनाच हिशोब. आपल्या आजी-आजोबांचे रुपये-आणे-पै आठवा, आपल्याकडे नवे पैसे १९५७ला आले, त्याआधी रुपयाच्या १९२ पै, तसलाच प्रकार. ज्यांच्या घरी आणेवारीत बोलणारं कोणी होतं त्यांना हे लगेच जमेल.

कोष्टक कशाला, तर या पुस्तकात पैसा कुठेही आकडा म्हणून येत नाही, तो कायम कोणाच्यातरी हातातून कोणाच्यातरी हातात जाताना येतो. पोरानं आणून आईच्या हातात ठेवलेले पैसे, पबमध्ये मोजून मागवलेलं पेय, अंत्यविधीचा खर्च. डब्लिनच्या गरीब वस्त्यांत लोक आठवड्याला थोडे थोडे पेन्स भरून मयतीचा विमा ठेवायचे, सोसायटीचा माणूस दारावर येऊन घेऊन जायचा, कारण अंत्यविधी नीट झाला नाही तर गल्लीत नाक कापलं जायचं. गहाणवटीचं दुकान हा पण रोजचाच व्यवहार, सोमवारी नवऱ्याचा सूट ठेवायचा, शनिवारी रविवारच्या चर्चसाठी सोडवायचा. हे माहीत असलं की अंत्यविधीचा प्रसंग (दफनभूमीत जो काही गोंधळ होतो तो मी सांगत नाही, तो तुमच्यासाठी राखून ठेवते) निव्वळ गोंधळ राहत नाही.

मग सात पोरं. मार्क, फ्रँकी, जुळे सायमन आणि डरमट, रोरी, कॅथी आणि धाकटा ट्रेव्हर. सहा मुलगे आणि एक मुलगी. ही नावं पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर पन्नास पानांनंतर रोरी कोण आणि डरमट कोण हे बघायला मागे जावं लागतं.

इतकी पोरं का, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येतोच आणि कोणी कोणी तर नाक मुरडतात. १९३५च्या कायद्यानं आयर्लंडमध्ये गर्भनिरोधक साधनं विकायला आणि बाहेरून आणायला बंदी होती. ती बंदी ढिली व्हायला १९७९चा कायदा यावा लागला. मधे १९७१ला डब्लिनच्या काही बायका ट्रेननं बेलफास्टला, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये गेल्या, तिथून ती साधनं घेऊन आल्या आणि डब्लिन स्टेशनवर कस्टमवाल्यांसमोर उघड दाखवली, इतकं हे प्रकरण तापलेलं होतं. घटस्फोट तर १९३७च्या राज्यघटनेतच बंद, तो दरवाजा उघडला १९९५च्या जनमतानंतर. तेव्हा ॲग्नेसला सात पोरं आणि एक न धड नवरा हे तिच्या निवडीचं फळ म्हणून वाचू नका. रेड्सर काही फार बरा नवरा नव्हता हे पुस्तकात जागोजागी कळतं. तिला त्यातून सुटायचा एकच रस्ता होता आणि तो हिलमन हंटरनं काढून दिला. हे वाक्य लिहायला मला पण बरं वाटत नाहीये, पण पुस्तकातल्या ॲग्नेसच्या दुःखात जी एक विचित्र मोकळीक आहे ती या एका गोष्टीशिवाय कळणार नाही.

ॲग्नेस आणि मॅरियन शरीरसुखाबद्दल बोलतात तो भाग पण याच उजेडात वाचा. खूप गाजलेला, खूप हसवणारा भाग आहे. दोन बायका, दोघींची लग्नं झालेली, आणि त्या विषयावर त्यांना आयुष्यात कोणी एक शब्द सांगितलेला नाही, चर्चनं नाही, आईनं नाही, डॉक्टरनं नाही. त्या एकमेकींनाच विचारताहेत. आपल्याकडे किती घरांत हीच परिस्थिती होती आणि आहे, त्यामुळे मराठी वाचक बाईला तो संवाद परका वाटत नाही असं माझं मत आहे.

मूर स्ट्रीट नकाशावर एकदा बघाच. ओकॉनेल स्ट्रीट ही डब्लिनची मोठी सडक, तिच्या मागे समांतर, हेन्री स्ट्रीटला लागून ही छोटी गल्ली. लिफी नदीच्या उत्तरेला, म्हणजे गरिबांच्या बाजूला. इथे विकणाऱ्या मुख्यतः बायका, जागा आईकडून मुलीकडे यायची, लाकडी गाड्यांवर नाहीतर जुन्या बाबागाडीत माल मांडायचा. पहाटे घाऊक बाजारातून माल उचलायचा, मेरीज लेनवरचा तो बाजार १८९२चा, लाल विटांची सुंदर इमारत आहे. आणि याच गल्लीत इंग्रजांविरुद्धच्या १९१६च्या उठावातले लोक पोस्टाच्या जळत्या इमारतीतून निसटून आले आणि इथल्याच घरांतून त्यांनी शरणागती पत्करली. म्हणजे आयरिश माणसासाठी मूर स्ट्रीट एकाच वेळी देशाचं तीर्थ आणि सफरचंद स्वस्त मिळायची जागा आहे. ॲग्नेस ज्या फरशीवर उभी राहून केळी विकते तिथे इतिहास घडलाय आणि तिला त्याचं काही पडलेलं नाही, तिला नऊच्या आत गाडी लावायचीय.

वेळ असेल तर आरटीईच्या ऑनलाइन आर्काइव्हमध्ये मूर स्ट्रीटचे जुने रिपोर्ट शोधा. पाच मिनिटांची क्लिप पुरते. त्या बायका कशा बोलतात, गिऱ्हाइकाला कशा हाका मारतात, कॅमेरावाल्याला कशा उडवून लावतात ते एकदा ऐकलं की पुस्तकातले संवाद डोळ्यांनी नाही, कानांनी वाचले जातात.

कानावरून आठवलं, हे पुस्तक मोठ्यानं वाचा. निदान संवाद तरी. स्पेलिंग मुद्दाम बोलीप्रमाणे आहे, 'माय'च्या जागी 'मी', 'यू'चं अनेकवचन 'यिझ', चिझलर म्हणजे पोर, यंग वन म्हणजे तरुण मुलगी, रेड्सर हे नवऱ्याचं टोपणनाव लाल केसांवरून. एक गोष्ट मात्र हमखास चकवते: 'आय ॲम आफ्टर' असं कोणी म्हणालं तर त्याला काही करायचंय असा अर्थ नाही, त्यानं ते आत्ताच केलंय. डोळ्यांनी वाचलं तर हे सगळं अडखळतं, मोठ्यानं वाचलं तर तिसऱ्या पानापासून सुरळीत चालतं. घरी कोणी सोबत असेल तर एकीनं ॲग्नेस आणि एकीनं मॅरियन व्हावं, आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही असंच वाचतो आणि शप्पथ सांगते, नुसतं वाचताना जिथे स्मितहास्य येतं तिथे मोठ्यानं वाचताना पुढचं वाक्य बोलता येत नाही.

शिव्या भरपूर आहेत. इंग्रजीतली ती चार-अक्षरी शिवी तर श्वासासारखी येते. तिला रागाचं चिन्ह समजू नका, ॲग्नेस लाडानं पण शिवी देते, थकव्यानं पण देते. ती खरी चिडते तेव्हा उलट शिव्या कमी होतात, हे लक्ष देऊन बघा. कॅथीच्या केसांवरून शाळेतल्या ननबरोबर जे रामायण होतं तिथे हे मला फार जाणवलं. तिथे अजून एक नियम डोक्यात असू द्या, आयर्लंडच्या शाळांत मुलांना मारायला बंदी आली १९८२ला, आणि शाळा बहुतेक चर्चच्या ताब्यात. ननसमोर आवाज चढवणं म्हणजे देवासमोर आवाज चढवण्यासारखं मानायचे. ॲग्नेस रोज प्रार्थना करणारी बाई आहे, श्रद्धाळू आहे, तरी पोरीसाठी जाते. तिचा देवावर राग नाही, त्या बाईवर आहे, आणि हा फरक तिला स्वच्छ कळतो. कॅथलिक घरातली श्रद्धा काय असते हे वसईचे, गोव्याचे वाचक जास्त लवकर ओळखतील.

आता मार्क. सगळ्यात थोरला, तेरा-चौदाचा. माझ्या मते पुस्तकाचं अर्धं मन त्याच्यात आहे आणि तरी लोक त्याला विसरतात. वयात येतोय, अंगावर केस यायला लागलेत, त्याला वाटतं काहीतरी भयंकर रोग झाला, आणि विचारायला बाप नाही. तो आईला विचारतो. आईनं हे कधी कोणाला समजावलेलं नाही, हे बापाचं काम होतं. तो प्रसंग अगदी सावकाश वाचा. ॲग्नेस काय बोलते यापेक्षा ती बोलायच्या आधी किती टाळाटाळ करते ते बघा, इकडचं तिकडचं करते, मग एक उत्तर देते जे शास्त्रीयदृष्ट्या साफ चुकीचं आहे, आणि पोराची भीती मात्र जाते. आई म्हणून त्या क्षणी तिला जे करायचं होतं ते तिनं केलं. विनोदी लिहिणाऱ्या माणसाला असा प्रसंग मिळाला की तो पोराची नाहीतर आईची खिल्ली उडवतो, ओकॅरल दोघांपैकी कोणाचीच उडवत नाही आणि तरी आपण हसतो. मला हे सोपं वाटत नाही.

मार्क पुढे सुतारकामाकडे, फर्निचरच्या कारखान्याकडे वळतो. इथे तारखा जुळवून बघा, फार हलून जायला होतं. शाळा सोडायचं वय तेव्हा चौदा होतं. माध्यमिक शाळेला फी असायची. १९६६च्या सप्टेंबरात शिक्षणमंत्री डोनोख ओमॅलीनं अचानक जाहीर केलं की माध्यमिक शिक्षण मोफत होणार, आणि ते सुरू झालं १९६७च्या शरदात. म्हणजे रेड्सर गेला मार्चमध्ये आणि मोफत शाळा आली त्याच वर्षी काही महिन्यांनी. मार्क नेमका त्या उंबरठ्यावर उभा होता. सरकारनं दार उघडलं तेव्हा घरातला कर्ता पुरुष तोच होता. पुस्तकात यावर भाषण नाही, पण मार्क मोठ्या माणसासारखा वागायला लागतो तेव्हा हे आठवलं की वाचताना थांबावं लागतं.

मॅरियनबद्दल मी मुद्दाम फार सांगत नाही. फक्त इतकंच की तिचं प्रत्येक वाक्य नीट वाचा, घाईघाईत पुढच्या जोकवर उडी मारू नका. ती विनोदी जोडीदार म्हणून येते आणि तुम्ही तिला तसंच धरून चालता. या पुस्तकात नवरा मेल्याचं दुःख पहिल्या पानावर आहे, पण खरं दुःख ते नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल. पुस्तक पूर्ण झाल्यावर मॅरियनचे सुरुवातीचे सीन परत काढून वाचा, पहिल्यांदा जे निव्वळ टवाळकी वाटलं होतं त्यात किती काय भरलेलं होतं ते दिसतं.

क्लिफ रिचर्डबद्दल सांगायला हवं. ॲग्नेसचं स्वप्न काय, तर एकदा क्लिफ रिचर्डबरोबर नाचायचं. तरुण वाचकांना हा कोण ते माहीत नसतं. साठच्या दशकातला इंग्लंडचा मोठा गायक, देखणा, सभ्य प्रतिमेचा, आयांना आवडणारा. आणि जन्म कुठला, तर १९४०चा, लखनौचा! त्याचं एखादं जुनं गाणं ऐका आणि मग ते स्वप्न वाचा. सात पोरांच्या आईनं असं स्वप्न बघणं हा विनोद आहे असं लेखक म्हणत नाही, त्यानं ते फार जपून ठेवलंय.

हे पुस्तक परिपूर्ण आहे असा माझा दावा नाही. पिएर नावाचा फ्रेंच माणूस आहे, तो मला पुठ्ठ्याचा वाटतो, चांगला आहे, देखणा आहे, बस्स. शेवटाकडे गोष्ट परीकथेच्या अंगानं जाते आणि काहींना ते गोडगोड वाटेल. माझा सल्ला असा की तिथे चिडू नका. ॲग्नेसनं तोपर्यंत इतकं ओढलेलं असतं की तिला थोडं जास्त मिळालं तर मला चालतं. ज्यांना चालणार नाही त्यांचं मतही मला समजतं.

वाचताना एक छोटी वही ठेवायची सवय असेल तर त्यात एवढंच टिपा: ॲग्नेस कुठल्या दारापाशी गेली, आत कोण होतं, काय मागितलं, काय मिळालं. बाकी काही लिहू नका. पुस्तक संपेपर्यंत ती यादी पानभर होते आणि डब्लिनच्या एका गरीब बाईचं १९६७ मधलं आयुष्य त्या एका पानात दिसतं. ग्रुपमध्ये वाचत असाल तर प्रत्येकानं आपली यादी आणावी, कोणाच्या यादीत काय सुटलं यावरूनच एक-दीड तास गप्पा होतात. आम्ही कॉडल करून बघितलं होतं त्या दिवशी, सॉसेज, बेकन, बटाटा, कांदा एका पातेल्यात उकळायचं, डब्लिनच्या गरिबाघरचं जेवण. आपल्या जिभेला फिक्कं लागतं, मिरपूड जास्त घाला.

पुढची पुस्तकं ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं वाचा. 'द चिझलर्स' १९९५चं, 'द ग्रॅनी' १९९६चं. दुसऱ्यात कुटुंब जुन्या वस्तीतून उचलून शहराबाहेर फिंगलसला जातं. १९६३च्या जूनमध्ये डब्लिनमध्ये जुनी घरं कोसळून माणसं मेली, त्यात लहान मुली होत्या, त्यानंतर पालिकेनं मोडकळीला आलेल्या वस्त्या रिकाम्या करायचा सपाटा लावला आणि बॅलिमनचे उंच टॉवर १९६६ ते १९६९ या काळात उभे राहिले. चाळीतून लांबच्या नव्या घरात गेलेल्या मुंबईकरांना त्या भागातली हुरहुर सांगायला नको. लेखक स्वतः फिंगलसमध्येच वाढलेला, त्यामुळे तिथली गल्ली न गल्ली त्याच्या हातावरची आहे. तिसरं पुस्तक मला तितकं भावलं नाही, पण पोरांचं पुढे काय झालं ही उत्सुकता असतेच.

'द यंग वन' २००३चं, ॲग्नेसचं लहानपण आणि लग्नापर्यंतची गोष्ट. काळाच्या हिशोबानं ते पहिलं म्हणून काही जण तिथून सुरुवात करतात. तसं करू नका, ते शेवटी ठेवा, कारण त्यातल्या लहानग्या ॲग्नेस-मॅरियनचं मोल पहिलं पुस्तक वाचलेल्यालाच कळतं. आणि सिनेमा बघायचाच असेल तर १९९९चा 'ॲग्नेस ब्राउन', अँजेलिका ह्यूस्टननं दिग्दर्शित केला आणि भूमिकाही तिनंच केली, ती लहानपणी गॉलवे भागात वाढलेली. त्यात क्लिफ रिचर्डच्या जागी टॉम जोन्स हा दुसरा गायक आहे, तेवढं मनाची तयारी करून बसा.